तीन आठवडे मेंढरांमागं

आबा,

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी झाल्यावर, मी तीन आठवडे मेंढरांमागं चाललो. वय साठ, गुडघे दुखरे, पायात मुलीनं आणून दिलेले पळायचे बूट. कुणी पाठवलं नव्हतं, गरज नव्हती, स्वतःच्या मर्जीनं गेलो. तुम्ही असता तर आधी तुम्हाला वाटलं असतं की माझी नोकरी गेली. मग नोकरी गेलेली नाही, रीतसर निवृत्त झालोय, पेन्शन चालू आहे, घरात भांडण नाही, हे सगळं कळल्यावर तुम्ही टोपी काढून डोकं खाजवलं असतं आणि आईला विचारलं असतं, "ह्याला झालंय तरी काय?" तेच सांगायला हे लिहितोय. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावंसं वाटलं नव्हतं. तुम्ही असतानाही आपण फार बोलायचो असं नाही.

औरंगपुऱ्यातल्या कॉलेजच्या ऑफिसात मी चौतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी प्रवेशाच्या खिडकीमागं. तुम्ही तिथं एकदाच आला होतात. जून महिना होता, रांग पार फाटकापर्यंत गेलेली. बाजूनं येऊन मला हाक मारली असती तरी चाललं असतं, पण तुम्ही कारखान्याचे बूट घालून पोरापोरींच्या मागं रांगेत उभे राहिलात. दीड तासानं खिडकीशी आलात आणि म्हणालात, "तुझ्या आईला ताप हाय. सुटल्यावर लवकर ये." एवढं बोलून निघूनही गेलात. मागच्या पोरानं मला विचारलं, त्यांचा फॉर्म राहिला का काही? मी म्हणालो, हो, एक कागद कमी आहे. ते माझे वडील आहेत असं मी म्हणालो नाही.

शेवटची दहा वर्षं ती खिडकीच राहिली नाही. पोरं घरून अर्ज भरायची आणि मी पडद्यावर ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ करायचो. निवृत्त झालो तर फोन मागं लागला. गॅसचं सिलिंडर, लाइटचं बिल, बँक, सगळ्यांचे आकडे फोनवर येतात आणि ते घाईघाईनं दुसरीकडं भरायचे असतात. मी जिवंत आहे हेसुद्धा यंत्रावर अंगठा उमटला तरच खरं धरतात, आणि इतकी वर्षं कागद चाळून माझा अंगठा गुळगुळीत झालेला; यंत्र मला जिवंत मानेना. गारखेड्यात चौथ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. संध्याकाळी गॅलरीत बसलं की खाली हॉर्न वाजत असतात आणि मला खुलताबादच्या वरचा आपला माळ दिसायचा. मेंढरांच्या अंगाची ऊब, तीन दगडांच्या चुलीवर आईनं टाकलेली भाकरी, पहाटेच्या दुधाचा वास. मी नऊ वर्षांचा असताना तुम्ही कळप विकलात. म्हणजे माझ्याजवळ आठवणी फार तर चार वर्षांच्या. त्या चार वर्षांबद्दल मी पुढची पन्नास वर्षं बोलत राहिलो.

बायको ऐकून ऐकून कंटाळली होती. "तुम्ही सात वर्षांचे होता. तुम्हाला कुणीतरी जेवू घालत होतं," ती म्हणायची. "मलाही आज कुणी आयतं ताट आणून दिलं तर मलाही आजचा दिवस बरा वाटेल." शेवटी एक दिवस म्हणाली, "एकदा जाऊनच या. फक्त शुगरच्या गोळ्या सोबत न्या."

तुमच्या धाकट्या भावाच्या मुलानं कळप राखलाय. तुम्ही गेलात तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. आता पंचेचाळिशीला आलाय, पुढचे दोन दात पडलेत. मी फोन केला तर म्हणाला, "या की दादा. पर हितं गादी नाय, संडास नाय. वैनीला विचारून या." मी एसटीनं गंगापूरपर्यंत गेलो, तिथून त्यानं मोटारसायकलवर पुढं नेलं. गोदावरीच्या अंगाला एका शेतकऱ्याच्या बाजरी निघालेल्या रानात त्यांचं बिऱ्हाड उतरलेलं होतं. रानात रात्री मेंढरं बसवली की शेताला खत होतं, म्हणून शेतकरी बोलावून घेतात, हे तुमच्या वेळेसारखंच आहे. घोड्यांच्या जागी आता एक जुना टेम्पो आहे. पाण्याला निळे ड्रम आहेत, उन्हावर चालणारा एक दिवा आहे, आणि भावाच्या खिशात फोन, त्यावर गाणी. मला तो दिवा आणि ती गाणी खटकली. मी त्याला म्हणालो, जरा बंद ठेव ना, शांत बसू. त्यानं लगेच बंद केला. मी होतो तितके दिवस त्यानं गाणं लावलं नाही. मी पाहुणा होतो.

पहिले दिवस फार सुखाचे गेले, हे खोटं नाही. सकाळी कळप सुटायचा, मी काठी घेऊन मागं. पायांखाली धूळ, पुढं शे-दीडशे पाठी हलतायत, मध्येच एखादं कोकरू आईला चुकून ओरडतंय. फोन मी बंद करून पिशवीच्या तळाला टाकला होता. दुपारपर्यंत चालायचं, मग बाभळीखाली बसायचं, भाकरी आणि ठेचा यायचा. संध्याकाळी अंग ठणकायचं आणि पडल्या पडल्या झोप लागायची. तळ हलवायचा दिवस आला की भाऊ, त्याची बायको आणि मुलगी मिळून सगळं टेम्पोत चढवायची: जाळ्या, मेखा, भांडी, पत्र्याची पेटी, कोकरांच्या पाट्या. मी एकदा पेटीला हात लावला तर भावाची बायको म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भाऊजी, कंबर धरंल." मग मी बाजूला उभा राहून बघायचो आणि मला ते सगळं फार सुंदर वाटायचं.

त्याची मुलगी अठरा वर्षांची. खुलताबादला मामाकडं राहून बारावी झाली, शास्त्र शाखेत, मार्क बरे. मला मोठे बाबा म्हणते. पाचव्या दिवशी दुपारी मी बाभळीखाली बसलो असताना ती आली आणि तिनं फोन माझ्यापुढं धरला. शहरातल्या एका नर्सिंगच्या शाळेच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. त्या वर्षी प्रवेश लांबले होते. आठ दिवसांत कागद घेऊन हजर व्हायचं होतं.

"मोठे बाबा, तुम्ही बाबांना सांगा ना," ती म्हणाली. "तुमचं ऐकतेत ते."

भाऊ तिथंच एका मेंढीचा पाय धरून काटा काढत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "मला काय कळतंय त्यातलं? दादा म्हनतील तसं. पर दादा, एक हाय. ही गेली तर हिच्या मायला एकटीला हे व्हनार नाय. मंग निम्मी मेंढरं काढावी लागतील."

मी म्हणालो, "घाई काय आहे? एक वर्ष थांब की. शहरात काय ठेवलंय? मी सगळी हयात काढली तिथं. इथं तुला जे मिळतंय ना, ते तिथं शोधून सापडत नाही."

ती "बरं" म्हणाली. फोनची काच ओढणीला पुसली, दोन हंडे उचलले आणि विहिरीकडं गेली. भावानं काटा काढून मेंढी सोडली. संपला विषय.

आबा, मी अडाणी माणूस असतो तर वेगळं. चौतीस वर्षं माझं कामच ते होतं. यादीतलं नाव म्हणजे काय, आठ दिवस म्हणजे काय, एक वर्ष थांबलेल्या पोरींचं पुढं काय होतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दर वर्षी चार-दोन मुली यायच्या, मागच्या वर्षी राहिलं सर, या वर्षी घ्या. त्यातल्या निम्म्या पुन्हा दिसायच्या नाहीत. हे सगळं ठाऊक असून मी ‘थांब’ म्हणालो. कारण मला एकच वाक्य ऐकू आलं होतं: निम्मी मेंढरं काढावी लागतील. मला कळप पुरा हवा होता. पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा यायचं, त्याच्या पुढच्यालाही यायचं, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी भावाची बायको भाकरी टाकत होती. मी चुलीपुढं बसलो होतो. ती आमच्यापुढं फारशी बोलत नाही, डोक्यावरचा पदर सारखा पुढं ओढत असते. तव्यावरची भाकरी बघत म्हणाली, "भाऊजी, तुम्ही हितंच ऱ्हानार का आता?"

"नाही, अजून पंधरा दिवस," मी म्हणालो.

"म्हंजी ती एक वर्स थांबंल आन तुम्ही पंधरा दिवस." तिनं भाकरी उलटली. "नाय, मी आपलं इचारलं."

मी हसलो. मला वाटलं बाईमाणसाचं बोलणं आहे, मुलीसाठी जीव तुटतोय, होईल शांत.

आता इथं टेबलाशी बसून लिहिताना मला खंडेनवमीचा तो दिवस दिसतोय. तुम्ही चिकलठाण्याच्या कारखान्यात लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या दिवशी यंत्रांची पूजा असते आणि घरच्या माणसांना आत सोडतात. तुम्ही आईला नवं लुगडं नेसायला लावलं होतं, मला तेल लावून भांग पाडला होता. आत गेल्यावर मला वाटलं तुम्ही मोठमोठी यंत्रं दाखवाल. तुम्ही ती नाही दाखवलीत. तुम्ही आम्हाला एका पत्र्याच्या कपाटापुढं नेलंत, त्यावर तुमचा नंबर होता आणि किल्ली तुमच्या करगोट्याला. मग थंड पाण्याचा नळ दाखवलात, स्वतः तीनदा उघडून बंद केलात. मग मधोमध उभे राहून वरचं छत दाखवलंत आणि आईला म्हणालात, "हितं पाऊस येत नाय." आई वर बघत राहिली. तुम्ही पुन्हा म्हणालात, "कितीबी पडू दे. आत येत नाय." पोलीस ॲक्शनच्या साली तुम्ही दहा-बारा वर्षांचे होता आणि मेंढरांमागंच होता. निजामाचं राज्य गेल्याचं तुम्हाला म्हणे आठवड्यानं बाजारात कळलं. तेव्हापासून पंचवीस पावसाळे तुम्ही उघड्यावर काढले होते. त्या कारखान्यानं तुमचा डावा कान नेला, पुढं पुढं आम्हाला उजवीकडून बोलावं लागायचं. तरी सुट्टीच्या दिवशी खाटेवर नुसते पडून तुम्ही जे समाधानानं छताकडं बघत राहायचात, तसं समाधान मी कुणाच्या तोंडावर पाहिलं नाही. "मेंढराला सुट्टी कळत नाय," म्हणायचात आणि कूस बदलायचात.

आणि तो निबंध. मी दहावीत होतो, आपण मुकुंदवाडीच्या खोलीत राहायचो. ‘माझे बालपण’ असा विषय होता. मी आपला माळ, कळप, कुत्री, चांदण्यातलं झोपणं असं सगळं लिहिलं, पहिला नंबर आला. गुरुजींनी वर्गात वाचून दाखवला. घरी आल्यावर मी तुम्हालाही वाचून दाखवला, तुम्हाला अक्षर येत नव्हतं. तुम्ही डोळे मिटून सबंध ऐकलात. मग म्हणालात, "चांगलं लिवलंय. माळ बराबर हाय. कुत्रं बराबर हाय. पर बारकी कुठं हाय?"

आई उठली आणि घागर घेऊन बाहेर गेली, घागर भरलेली असताना.

बारकी माझी बहीण. दोन वर्षांची होती, मी सहाचा. पैठणच्या बाजूला आपलं बिऱ्हाड होतं तेव्हा तिला हगवण लागली. दोन दिवस आईनं काय काय करून पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तिला खांद्यावर टाकून डॉक्टरकडं निघालात, तीन कोस होतं. दुपारी परत आलात. ती तशीच खांद्यावर होती. मी विसरलो होतो असं नाही, आबा. मला तुमची ती चाल आजही दिसते. निबंधात ती बसत नव्हती, एवढंच. तुम्ही मला रागावला नाहीत. परत कधी तो विषय काढला नाहीत. लोक म्हणतात दुष्काळामुळं तुम्ही कळप विकला. दुष्काळ काकांनाही होता, त्यांनी विकला नाही. तुम्ही विकलात.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी अवकाळी पाऊस आला. भरदुपारी अंधारून आलं आणि गारा पडायला लागल्या. मला भावानं शेतकऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये ढकललं, "तुम्ही हितंच बसा," म्हणाला. मी बसलो. ती तिघं बाहेर होती. मोठी मेंढरं डोकी खाली घालून एकमेकांत घुसली होती, भाऊ जाळी धरून उभा होता, आणि मायलेकी पाट्यांत कोकरं घालून शेडमध्ये आणून टाकत होत्या. पाटी ठेवायची, वळायचं, पुन्हा गारांत. पुतणीच्या कपाळावर गार लागून रक्त आलं होतं, ते पावसानं धुऊन जायचं आणि पुन्हा यायचं. मी कोकरं पाटीतून काढून कोरड्यात ठेवत होतो, एवढं एक काम मी केलं. सात कोकरं आणि दोन मेंढ्या गेल्या. पाऊस थांबल्यावर चूल पेटेना. भावाची बायको ओल्या लुगड्यानं फुंकत बसली होती, धुरानं डोळे लाल. माझा चहा तरी व्हावा म्हणून.

त्यानंतर मी पाच-सहा दिवस राहिलो, पण ते दिवस मोजण्याचेच होते. गुडघा सुजला. अंथरूण ओलं लागायचं. एके सकाळी मी पिशवीच्या तळातून फोन काढला, चालू केला आणि जावयाला म्हणालो, न्यायला ये. दुपारी दोनला त्याची गाडी रस्त्याला येऊन उभी राहिली. इतकं सोपं होतं ते. तुम्हाला त्यातून निघायला पंचवीस वर्षं लागली, मला एक फोन.

पुतणी माझी पिशवी घेऊन रस्त्यापर्यंत आली. कपाळावर खपली धरलेली. बांधावरून चालताना तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "मोठे बाबा, तुमच्या कॉलेजात तारीख गेल्यावर कुणाला घेतेत का?"

तिचा आवाज रागाचा नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती. मी तिथं चौतीस वर्षं होतो, म्हणून विचारलं.

खिडकीमागून मी हे उत्तर किती जणांना दिलं असेल, सांगता येत नाही. तारीख गेली. पुढच्या वर्षी या. मागं सरका. कुणी रडायचं, कुणी बापाला पुढं करायचं. मला त्याचं काही वाटायचं नाही, नियम मी केलेला नव्हता. त्या बांधावर मला तेवढे दोन शब्द बोलता येईनात. मी म्हणालो, "बघतो मी." ती "व्हय" म्हणाली, पिशवी गाडीत ठेवली आणि परत निघाली. काच वर करून जावयानं गार हवा लावली आणि विचारलं, "मजा आली का?"

दुसऱ्या दिवशी मी त्या नर्सिंगच्या शाळेत गेलो. खिडकीमागं एक तरुण बाई होती, समोर कॉम्प्युटर. मी सगळं सांगितलं, गारा सांगितल्या, रान सांगितलं, फोनला रेंज नव्हती असंही सांगितलं. ते शेवटचं खोटं होतं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "काका, तारीख गेली. आता सिस्टीमच बंद झाली." मी म्हणालो, मीही कॉलेजच्या ऑफिसात होतो. ती म्हणाली, "मग तुम्हाला माहीतच आहे." आणि माझ्या मागच्या माणसाकडं बघितलं.

मी भावाला फोन करून सांगायला हवं होतं की चूक माझी होती. नाही केला. गुडघ्याचं निमित्त होतं, मग थंडी होती. चैत्रात कळलं की पुतणीचं जमवतायत. मुलगा वैजापूरकडचा, शेती आहे, मागणी घालून गेलेत. तेव्हा मात्र मी गेलो. ती मंडळी गावी आली होती, खुलताबादच्या वर. मी दारात पाय ठेवल्या ठेवल्या भावाला म्हणालो, हे थांबव.

"दादा, तुम्हीच म्हनला हुता," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं माझ्याशी आवाज चढवला. "शहरात काय ठेवलंय म्हनला. मी थांबवली तिला. आता म्हनता लगीन थांबव. पोरीनं करायचं तरी काय? तुमी याल दिवाळीला, फिराल आन जाल."

मी खाली बसलो. आणि मग बारकीचं सांगितलं, सुरुवातीपासून. पैठणची बाजू, तीन दिवस, तुमचं सकाळी निघणं, दुपारी येणं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं, त्याचा जन्म नंतरचा. तुम्ही कुणाला सांगितलं नसणार, काकांनीही नाही. तो टोपी हातात घेऊन ऐकत राहिला. पुतणी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. शेवटी भावाची बायकोच बोलली, पदर पुढं न ओढता.

"हे आमाला कामून कुनी सांगितलं नाय?" मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आता यंदाची तारीख तुमी सांभाळायची, भाऊजी. चुकली तर पोरगी आनून तुमच्या दारात बसवीन."

पाहुण्यांना नकार कळवला. त्यावरून भावाला गावात बरंच ऐकून घ्यावं लागलं. मी जूनपासून रोज सकाळी फोनवर ते पान उघडून बघायचो, चहाच्या आधी. अर्ज मी भरला, आकडे आले की मी घातले, कागद मी चिकटवले. तिला शहरात मिळालं नाही, जालन्याला मिळालं. पोचवायला भाऊ, त्याची बायको आणि मी, तिघं गेलो. फाटकाच्या आत गेल्यावर तिनं मागं वळून पाहिलं नाही, आणि तिची आई फाटकाला धरून हसत उभी होती. येताना एसटीत भाऊ एवढंच म्हणाला, "मेंढरं काढतो आता निम्मी." आणि त्यानं काढली. उरलेली दुसऱ्याच्या कळपात घालून तो त्यांच्यासंगं जातो. त्याची बायको गावी असते, गॅसवर चहा करते. मला आता कुठं जाऊन मेंढरांमागं चालता येणार नाही. दुसऱ्याच्या कळपात माझं काय काम?

पुतणी दर रविवारी फोन करते. तिचा गणवेश पांढरा आहे, बूट तिला चावतात, जेवणात भाकरी मिळत नाही म्हणून ती वैतागलेली असते. मागच्या रविवारी म्हणाली, "मोठे बाबा, मला मेंढरांची लई आठवन येती. रात्री डोळं मिटलं की वास येतो बगा." मी म्हणालो, सुट्टीत जाऊन ये चार दिवस. ती म्हणाली, "चारच दिवस जाईन." आणि हसली.

एक सांगायचं राहिलं. जाण्याआधी मी बायकोला, भावाला, ऑफिसातल्या जुन्या सोबत्यांना, सगळ्यांना सांगत होतो की वडिलांची आठवण म्हणून जातोय, वडील ज्या वाटेनं चालले त्या वाटेनं एकदा चालायचंय. लोकांना ते पटायचं. एकदोघांचे डोळेही भरून आले. खरं असं आहे की त्या तीन आठवड्यांत मला तुमची आठवण एकदाही आली नाही. मला फक्त मी आठवत होतो, सात वर्षांचा. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचवायची काही सोय असती, तरी ते तुम्हाला मीच वाचून दाखवलं असतं. आणि हा शेवटचा भाग आल्यावर, तो न वाचताच कागदाची घडी करत, मी म्हणालो असतो की संपलं.